पहिला निरोप सगळ्यांना

९ जानेवारी

ताई,

हे पत्र लिहायला मला एक वर्ष, अकरा महिने आणि एक दुपार लागली. दुपार आजची. पहिलं पाकीट घेतलं ते बॅगेत ओल लागून आपोआप चिकटलं, आत काही नसताना. दुसऱ्यावर मी बुटांची मापं लिहिली, कारण तेव्हा मी बुटांच्या दुकानात होते आणि हाताशी दुसरा कागद नव्हता. हे तिसरं. फोन का नाही केला म्हणशील, तर फोन तू ठेवून देशील. पत्र फाडायचं झालं तरी हातात घ्यावं लागतं, आणि हातात आलेलं तू वाचल्याशिवाय सोडत नाहीस, औषधाच्या खोक्यातला कागदसुद्धा नाही.

तुझ्या शाळेचा पत्ता तुझ्या मैत्रिणीकडून मिळवला. तिच्यावर रागावू नकोस. ती नाहीच म्हणत होती, पण मी तिच्या जिन्यात बसून राहिले आणि तिला भाजी आणायला जायचं होतं.

तर मी सध्या एका वाचनालयात आहे. हसू नकोस, वाचायला नाही. छतातून वायर ओढायला. बुटांच्या दुकानानंतर दोन महिने बोटींवर नंबर रंगवले, ते काम बरं होतं, पण आठचा आकडा मला काही केल्या जमेना, वरचं पोट नेहमी मोठं व्हायचं आणि बोटवाले म्हणायचे आमची बोट आजारी दिसते. असो. आता उस्तादांच्या हाताखाली आहे. उस्ताद म्हणजे साठीचे, बुटके, खिशात कायम स्क्रू ड्रायव्हर, अगदी चहाला बसतानाही. त्यांनी या गावातल्या निम्म्या कचेऱ्यांचे कॉम्प्युटर एकमेकांना जोडलेत. मला घेतलं कारण मी बारीक आहे आणि छतात मावते. शिक्षण विचारलं तेव्हा मी म्हटलं, माझी ताई कॉम्प्युटर शिकवते. ते म्हणाले, मग तिलाच पाठवायचं होतं.

वाचनालयाच्या दोन इमारती. जुनी मोठी, आणि गल्लीपलीकडे नवी, अजून रंगाचा वास येणारी. दोन्हीकडचे मिळून एकतीस कॉम्प्युटर जोडायचे. जुन्या इमारतीत माळ्यावर एक धुळीनं भरलेला डबा सापडला, आठ भोकांचा, अजून चालू. उस्तादांनी त्याला नमस्कार केला आणि म्हणाले, हा हब. याच्याइतकं प्रामाणिक आणि याच्याइतकं मूर्ख यंत्र नाही. एका भोकातून काही आत आलं की हा ते बाकीच्या सातही भोकांतून बाहेर ओरडतो. निरोप कुणाचा, कुणासाठी, काही बघत नाही. ज्याचा असेल तो घेईल, बाकीच्यांनी कानांवर हात ठेवावेत. आणि दोघं एकदम बोलले तर दोघांचंही वाया. मग थांबायचं, पुन्हा बोलायचं. अगदी आपल्या घरच्या जेवणाच्या टेबलासारखं.

मी खूप हसले. उस्ताद म्हणाले, एवढं हसण्यासारखं काय आहे. मी म्हटलं, ओळखीचं वाटलं.

हा हब म्हणजे आमची आत्या, म्हटलं त्यांना. तिला एक सांगा, गावाला कळतं.

आत्याचं नाव घेतलं मी. पुढच्या पत्रात खरं लिहीन.

भिंगरी
(हे नाव अजून चालत असेल तर)


२१ जानेवारी

ताई,

उत्तर नाही, म्हणजे मागचं पत्र पोचलंय. न पोचतं तर परत आलं असतं. पाठीमागे मी इथला पत्ता लिहिला होता.

आधी कामाचं सांगते, मग ते. हब आम्ही काढला. त्याच्या जागी स्विच बसवला, चोवीस भोकांचा, कपाटात, पंख्यासकट. दिसायला दोघं भाऊ. पण स्विच शहाणा. त्याला माहीत असतं कोण कुठल्या भोकाशी बसलंय. निरोप आला की पत्ता बघतो आणि ज्याचा त्यालाच नेऊन देतो. बाकीच्यांना पत्ताही लागत नाही. सगळे एकाच वेळी बोलले तरी गोंधळ नाही. त्याला हे जन्मजात कळतं, म्हणून तो महाग.

काल दिवसभर मी त्याच्या दिव्यांकडे बघत बसले. एक इकडे लुकलुकतो, एक तिकडे. ग्रंथपाल बाई आल्या आणि म्हणाल्या, बिघडलंय का? मी म्हटलं, नाही, बघतेय. त्या म्हणाल्या, बघायचा पगार आहे का? बाई बोलायला तिखट आहेत पण मला त्यांनी त्यांच्या खोलीतली जास्तीची खुर्ची दिली, गादीची.

आता ते.

आत्या नव्हती ताई. मी होते. तू मला गच्चीवर कपडे वाळत घालताना सांगितलंस. लग्न मोडायचंय, म्हणालीस. माणूस वाईट नाही, पण मला नको, त्याला आधी मीच सांगणार, रविवारी, समोरासमोर, मग बाबांना. आठ दिवस कुणाला बोलू नकोस. चिमटे माझ्या हातात होते आणि मी म्हटलं, माझ्या तोंडून चकार शब्द निघणार नाही. त्या क्षणी मला खरंच तसं वाटत होतं.

गुरुवारी त्याची आई आली, कपड्यांचे नमुने घेऊन. घरात तेरा माणसं. सगळे तुला रंग विचारत होते आणि तुझा चेहरा मी बघत होते. मला वाटलं, हे थांबवायला हवं. मला वाटलं मी तुला वाचवतेय. म्हणून मी म्हटलं, कशाला एवढे रंग बघताय, ताई लग्न करणारच नाहीये.

तोंडात तीळ भिजत नाही, असं आई मला लहानपणापासून म्हणायची. पण तीळ माझा असता तर गोष्ट वेगळी. तुझा होता.

त्या माणसाला ते त्याच्या आईकडून कळलं, तुझ्याकडून नाही. बाबांना तेरा माणसांसमोर कळलं. ते तुला एवढंच म्हणाले ना, की मला आधी सांगायला तुला काय झालं होतं? आणि तू म्हणालीस, रविवारी सांगणार होते. त्यांनी ते ऐकलंच नाही, किंवा ऐकलं आणि मानलं नाही. तू सोमवारी गेलीस. मग बाबांनी तुझं नाव घेणं सोडलं. 'मोठी'सुद्धा म्हणत नाहीत. तुझ्याबद्दल बोलायची वेळ आली की 'तिकडे' म्हणतात. तिकडून काही पत्र? तिकडे पाऊस असेल. जणू तू दिशा आहेस.

चार महिन्यांनी मीही निघाले. लोकांना वाटलं, हिच्या पायाला भिंगरीच आहे. मला त्या घरातली शांतता सहन होईना. ती मी केली होती.

मला माफ कर असं लिहायचं होतं, पण लिहिल्यावर ते फार सोपं दिसतं. म्हणून खोडलं. तू परत बोलशील का, एवढंच मला जाणून घ्यायचंय. माझ्याशी, आणि जमलं तर बाबांशी.

भिंगरी


२ फेब्रुवारी

ताई,

तांब्याची वायर शंभर मीटरनंतर दमते, हे तुला माहीत असणार. मला माहीत नव्हतं. मी जुन्या इमारतीपासून नव्या इमारतीपर्यंत गल्लीच्या वरून, झाडाला वळसा घालून, मोठ्या अभिमानानं एकशे चाळीस मीटर ओढली आणि पलीकडे काहीच पोचेना. उस्ताद खाली उभे राहून वर बघत होते. म्हणाले, एवढ्या लांबून हाक मारली तर तुला तरी ऐकू येईल का. मध्ये कुणीतरी हवं, हाक झेलून पुढे देणारं. यासाठी पूर्वी रिपीटर नावाचा डबा मिळायचा, त्याला अक्कल शून्य, फक्त दमलेला आवाज ताजा करून पुढे ढकलायचा. आता आम्ही तिथे छोटा स्विचच बसवला, तेच काम होतं.

पण मध्ये म्हणजे कुठे? फाटकाजवळच्या चौकीदाराच्या खोलीत. खोली कसली, उभं कपाट. तिथे एक खुर्ची, एक रेडिओ आणि आता भिंतीवर आमचा डबा. चौकीदारानं आधी खूप कुरकुर केली, रेडिओत खरखर येईल म्हणून. खरखर आली नाही. आता तो येणाऱ्या-जाणाऱ्याला थांबवून सांगतो की निम्मं वाचनालय माझ्या डोक्यावरून जातं. परवा एका बाईंनी चुकून छत्री त्या डब्यावर अडकवली तर त्यानं तिला वाचनालयाच्या इतिहासासकट झापलं.

अजून एक गोष्ट घडली. उस्तादांची एक गोष्ट मला कळली. त्यांनीच सांगितली, शिडीवर असताना, माझ्याकडे न बघता. कामाशी संबंध आहे तिचा, आणि त्यांच्या पोटापाण्याशीही. म्हणाले, कुणाला सांगू नकोस, वेळ आली की मीच बाईंना सांगेन.

ती मी तुला सांगणार नाहीये.

हे वाक्य लिहायच्या आधी मी पेन दोनदा खाली ठेवलं, खरंच. तू इथून किती लांब, तू कुणाला ओळखत नाहीस, तुला सांगून कुणाचं काय बिघडणार, हे सगळं मनात येऊन गेलं. त्या गुरुवारी तोंड उघडण्याआधीही अशीच सगळी कारणं मनात आली होती.

भिंगरी


१३ फेब्रुवारी

ताई,

परवा सगळं बंद पडलं.

अकरा वाजता कमिटी बघायला येणार होती. कमिटीत एक निवृत्त न्यायाधीश आहेत, ते बसले तरी उभे असल्यासारखे वाटतात. उस्ताद सकाळपासून जुन्या इमारतीतल्या कपाटात वायरींची टोकं बसवत होते. मी नव्या इमारतीत होते. पावणेअकराला माझ्यासमोरचे सगळे कॉम्प्युटर गोठले. चौकीदार धावत आला, त्याच्या डब्याचे दिवे वेड्यासारखे पेटलेत म्हणून. मी जुन्या इमारतीत पळाले. कपाट उघडलं तर चोवीसच्या चोवीस दिवे एकाच वेळी, एकाच ठेक्यात. ते असं कधी करत नाहीत, ते नेहमी आपापल्या वेळेला लुकलुकतात.

मी काय केलं सांगू? एकेक वायर काढत गेले. एक काढायची, दिव्यांकडे बघायचं. पुन्हा लावायची, दुसरी काढायची. मागे न्यायाधीश, बाई, आणि वर्तमानपत्र वाचायला आलेले सात म्हातारे, जे आता पेपर सोडून माझ्याकडे बघत होते. सतरावी वायर काढली आणि दिवे शांत झाले. ती वायर हातानं चाचपत गेले तर तिचं दुसरं टोक त्याच स्विचच्या बाविसाव्या भोकात. दोन्ही टोकं एकाच डब्यात. काय होतं, की 'सगळ्यांना' म्हणून निघालेला एखादा निरोप एका भोकातून बाहेर पडतो आणि दुसऱ्यातून परत आत येतो, पुन्हा बाहेर, पुन्हा आत, आणि दर फेरीला सगळ्यांना नव्यानं वाटला जातो. तो कधी संपत नाही. त्याच्या गलक्यात बाकी कुणाचं काही पोचत नाही.

ती वायर उस्तादांनी लावली होती. का लावली गेली, तेही मला माहीत होतं. ते माझ्या डावीकडे उभे होते आणि खिशातल्या स्क्रू ड्रायव्हरशी चाळा करत होते.

न्यायाधीशांनी विचारलं, काय झालं होतं? मी म्हटलं, वायरीची दोन्ही टोकं एकाच डब्यात गेली होती. काढलीत. आता चालेल.

"गेली होती म्हणजे? पाय आहेत का तिला?"

म्हातारे हसले. मी काढलेली वायर गुंडाळत राहिले. मग न्यायाधीश म्हणाले, बाई, वायरींचं काम ही मुलगी करते ना? शिकलेलं माणूस ठेवा, असल्या पोरीसोरींवर वाचनालय चालत नाही. बाईंनी माझ्याकडे बघितलं, मी बोलेन म्हणून वाट बघितली. ताई, एकच वाक्य होतं. जिभेच्या टोकावर होतं, आणि ते खरंही होतं. पण आपल्या घरी मी बोलले होते, तेही खरंच होतं.

मी म्हटलं, चालू करून बघा साहेब. कॉम्प्युटर चालू झाले. न्यायाधीश पुस्तकांच्या कपाटांकडे वळले.

संध्याकाळी उस्ताद माझ्याशी बोलले नाहीत. मला वाटलं, रागावले. माझी नोकरी तर गेलीच असं धरून मी बॅग भरली. बॅग भरायला मला सात मिनिटं लागतात, हे तुला कुणी सांगायला नको.

पण काल सकाळी ते आले, सरळ बाईंच्या खोलीत गेले आणि दार लावून घेतलं. वीस मिनिटं. मी बाहेर त्या गादीच्या खुर्चीवर, जी मला शोभत नाही. दार उघडलं तेव्हा उस्तादांचे डोळे लाल होते आणि बाई चहा सांगायला निघाल्या होत्या. बाई जाता जाता मला म्हणाल्या, "आजपासून टोकं तू लावायचीस. ते बसून सांगतील." आणि दोन पावलं पुढे जाऊन पुन्हा मागे वळल्या. "काल बोलली का नाहीस?"

मी म्हटलं, माझं नव्हतं ते सांगायला.

बॅग रिकामी केली. त्याला मात्र दोन तास लागले, कारण कपाटात कागद घालावे असं मनात आलं आणि मग कागदावरच्या बातम्या वाचत बसले.

भिंगरी


१९ फेब्रुवारी

ताई,

तुझं कार्ड आलं.

चौकीदारानं दिलं. त्यानं आधी वाचलं होतं आणि मला म्हणाला, तुझ्या बहिणीला नमस्कार-चमत्कार काही येत नाही का. मी म्हटलं, ती शिक्षिका आहे. तो म्हणाला, तरीच.

तू लिहिलंयस ते मी इथे उतरवते, म्हणजे तुला कळेल की मला पाठ झालंय. "स्विचला जन्मजात काहीही कळत नाही. सुरुवातीला तोही निरोप सगळ्यांना वाटतो, हबसारखाच. कोण कुठून बोललं हे बघत बघत तो शिकतो. हा धडा तू वर्गाच्या खिडकीतून पळालीस त्याच्या पुढच्या पानावर होता."

सही नाही. तारीख नाही. पण 'हबसारखाच' हा शब्द आधी लिहिला नव्हतास, वरून बारीक अक्षरात घुसवलायस. ते मला दिसलं.

मी कार्ड उस्तादांना दाखवलं. ते म्हणाले, बरोबर आहे, तू जन्मजात म्हटलंस तेव्हा मीच चूक दुरुस्त करायला हवी होती. मग म्हणाले, बहीण हुशार आहे, रागीट आहे का? मी म्हटलं, आहे, पण तिला चुकीचं लिहिलेलं बघवत नाही. ते म्हणाले, मग अजून चुका कर.

म्हणून हे घे: राउटर म्हणजे मोठा स्विच. (हे चूक आहे हे मला माहीत आहे. खरं उत्तर खाली लिहितेय, म्हणजे तुला वाटायला नको की मी काहीच शिकले नाही.)

स्विच एका घरातल्या माणसांना एकमेकांचे निरोप देतो. राउटर दोन वेगळी घरं जोडतो. आमच्याकडे वाचकांचं एक जाळं आणि कचेरीचं दुसरं, मुद्दाम वेगळी ठेवलेली, मध्ये राउटर. तो प्रत्येक निरोपाचा पत्ता बघतो आणि कुठल्या वाटेनं धाडायचा ते ठरवतो. आणि एका घरातला 'सगळ्यांना'चा गलका तो दुसऱ्या घरात जाऊ देत नाही, दारातच थांबवतो. बाहेरच्या जगाचा रस्ताही त्यालाच माहीत. त्याच्याही पलीकडे भिंतीवर मोडेम आहे, तो नुसता दुभाष्या, टेलिफोनच्या तारेची भाषा कॉम्प्युटरला समजावून सांगतो आणि उलट. मोडेमला मत नसतं. राउटरला असतं.

आपल्या घरी असा कुणी नव्हता ना? बाबांचं एक घर, तुझं एक, आणि मध्ये आई नुसती दुभाषी. बाबा म्हणतायत, तिकडे पाऊस असेल.

मी जास्त बोलले का? हे खोडत नाही. चुकलं असेल तर लाल शाईनं कळव.

भिंगरी


२७ फेब्रुवारी

ताई,

आज नवी इमारत उघडली. एकतीसच्या एकतीस चालतायत. मी सकाळी सातला येऊन प्रत्येकावर एकदा बसले, शेवटच्यावर दोनदा. न्यायाधीश आले, त्यांनी एक पुस्तक शोधलं, ते जुन्या इमारतीत असल्याचं त्यांना नव्या इमारतीत दिसलं आणि त्यांनी मान हलवली. उस्ताद माझ्या कानात म्हणाले, एवढी मान त्यांनी निकाल देतानाही हलवली नसेल. बाईंनी मला पक्कं केलं, म्हणजे कागदावर. सही करताना माझा हात थांबला. याआधी कुठे कागदावर पक्की राहिल्याचं मला आठवत नाही. मग केली. आठच्या आकड्यासारखी झाली, वरचं पोट मोठं.

तुझं दुसरं कार्ड आलेलं नाही. राउटरची चूक तू सोडून दिलीस, हे मला पटत नाहीये. आजारी तर नाहीस ना? की मी बाबांचं लिहिलं ते लागलं? लागलं असेल तर तसंही लिही. काहीही लिही. फक्त

चौकीदार आलाय. थांब.

तो म्हणतो, फाटकात एक गृहस्थ उभे आहेत, हातात पिशवी, बूट नवे आणि बहुतेक चावतायत. त्यांनी विचारलं, आमची धाकटी इथे आहे का. यानं विचारलं, पत्ता कुणी दिला? वाचनालयाचा नियम आहे म्हणाला, असा काही नियम नाही. तर ते म्हणाले, "मोठीनं दिला."

मी त्याला तीनदा विचारलं. नक्की काय म्हणाले. तो वैतागला, म्हणाला, मोठीनं, मोठीनं, एवढं काय आहे त्यात.

खिडकीतून दिसतायत. चौकीदारानं त्यांना आपल्या खुर्चीवर बसवलंय आणि ते मान वर करून भिंतीवरच्या डब्याचे दिवे बघतायत. ताई, बाबा आलेत.